बीदरचे ग्रंथवैभव व नागावीचे सरस्वती-भांडारी

ग्रंथालयाच्या ऱ्हासाचा विषय निघाला की आग किंवा परचक्र यांचीच आठवण प्रथम होते. बीदर-कलबुर्गी या सीमाभागातील दोन विद्यास्थाने पाहिली असता मात्र या समजुतीत थोडी भर घालावी लागते, असे आम्हांस वाटते.

बहमनी वजीर महमूद गावान हा मूळचा इराणातील गीलान प्रांताचा. व्यापारानिमित्त तो बीदरला आला आणि येथेच राज्याचा आधारस्तंभ बनला. १४७२ च्या सुमारास त्याने उभारलेल्या तीन मजली मदरशात व्याख्यानगृहे, विद्यार्थ्यांच्या खोल्या, मशीद आणि सुमारे ३,००० हस्तलिखितांचे ग्रंथालय होते. गावान स्वतः फारसीचा नामवंत लेखक. 'रियाज-उल-इन्शा' हा त्याचा पत्रसंग्रह प्रसिद्ध आहे. परंतु १४८१ मध्ये एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाने त्याचा शिरच्छेद करविला. संस्थेचा कर्ता गेला आणि लवकरच बहमनी राज्यही दुभंगले. पुढे मोगल अमलात या विद्यामंदिरात दारूगोळा साठविण्यात आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा स्फोट होऊन दर्शनी भागाचा मोठा हिस्सा व एक मनोरा कोसळला. जेथे ग्रंथ ठेवावयाचे तेथे दारू ठेवली गेली, तेव्हाच खरा ऱ्हास पूर्ण झाला होता; स्फोटाने तो केवळ डोळ्यांना दिसला.

याहून चार शतके जुना दाखला कलबुर्गी जिल्ह्यातील चित्तापूरजवळच्या नागावीचा आहे. चालुक्य सम्राट पहिल्या सोमेश्वराच्या काळी दंडनायक मधुसूदनाने तेथे घटिकास्थान, म्हणजे उच्च विद्यापीठ, स्थापिले. १०५८ च्या शिलालेखात आचार्यांबरोबरच सहा 'सरस्वती-भांडारी' नेमल्याची आणि त्यांच्या योगक्षेमासाठी जमिनी दिल्याची नोंद आहे. सरस्वती-भांडार म्हणजे ग्रंथालय, आणि हे त्याचे ग्रंथपाल. दात्याने ग्रंथांइतकीच त्यांच्या रक्षकांची चिंता वाहिली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नागावीचे ग्रंथही आज उरलेले नाहीत. काळापुढे कोणतीच व्यवस्था अमर नसते. तथापि ताडपत्राला कीड लागते, कागदाला वाळवी लागते. त्यांची झाडलोट, नक्कल व नोंद करणारा माणूस नसेल तर शत्रूची गरजही पडत नाही. आपल्या शाळांतील कुलूपबंद कपाटे हेच सांगतात. शिक्षकबंधूंनी ग्रंथखरेदीची यादी करताना पहिली ओळ ग्रंथपालासाठी राखावी, एवढीच आमची विनंती आहे. नागावीच्या शिळेने हा क्रम साडेनऊशे वर्षांपूर्वीच घालून दिला आहे.