मोडलेल्या पायाची देणगी

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात ह्यालमार व्हाम नावाचा एक नॉर्वेजियन स्कीपटू राहत असे. १९३७ साली बर्फात पडून त्याचा पाय मोडला. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताच या गृहस्थाने कागद-पेन्सिल मागितली म्हणतात! स्की म्हणजे बर्फावरून घसरण्याची लांबलचक फळी. पडताना शरीर एकीकडे जाते, फळी दुसरीकडे वळते आणि बूट फळीला जखडलेला असल्यामुळे मधली नडगी ओल्या धोतरासारखी पिळली जाते. तेव्हा घसरताना धरून ठेवील आणि पडताना सोडून देईल असा चाप व्हामने बनवला. आजच्या 'बाइंडिंग'चा तो एक पूर्वज.

आज युरोपात दुकानात गेलात तर विक्रेता अभिमानाने सांगेल, "साहेब, आयएसओ ९४६२ प्रमाणित आहे!" डोंगर चढून जाणाऱ्यांच्या बाइंडिंगसाठी १३९९२ हा वेगळा क्रमांक आहे. ऐकून आपला जीव भांड्यात पडतो. पण या शिक्क्याचा अर्थ एवढाच की, चाप ज्या आकड्यावर लावाल त्या जोराला तो उघडतो, हे परीक्षेत दिसले आहे. आकडा कोणता लावायचा, हे शिक्का सांगत नाही!

तो ठरतो तुमचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि घसरण्याची तऱ्हा यांवरून. आकडा मोठा, तितका चाप हट्टी. म्हणून तरुण मंडळी मोठ्या आकड्याची प्रौढी मिरवतात! पन्नाशी गाठली की कोष्टक आकडा एक पायरी खाली आणते. तिथे वय चोरणाऱ्याला त्याची किंमत हाडाने मोजावी लागण्याचा संभव आहे. गुलमर्गला भाड्याने स्की घेणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींनीही दुकानदाराला खरे वजन आणि खरे वय सांगावे, लाजू नये.

बुटाचेही तसेच. टणक, सपाट तळव्याचे बूट आणि चालायला सोयीचे वळणदार तळव्याचे बूट यांची प्रमाणे निराळी. बाइंडिंगला न मानवणारा बूट अडकवला, तर प्रमाणपत्र कागदावरच राहते.

आणि गुडघा? सुटणाऱ्या चापांनी नडग्या पुष्कळ वाचवल्या, पण गुडघ्याचे स्नायुबंध अजूनही तुटतात. कित्येकदा चाप उघडण्याइतका जोर येण्याआधीच ते तुटलेले असतात. त्याची हमी या शिक्क्यात नाही. तेव्हा खरेदीला जाताना स्वतःचे बूट बरोबर न्या आणि जोडणी झाल्यावर चाप यंत्रावर तपासून मागा. कारागीर कंटाळला तरी चालेल.