कांदा, लसूण आणि पोटातला गुबारा

गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात. ती पचवणारं विकर माणसाकडे नाहीच. मग ती तशीच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि पोटात गुबारा धरतो. थोडाफार वायू सगळ्यांनाच होतो. आयबीएसच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याचा एक विकार) रुग्णाचं आतडं हळवं, त्याला त्याचीच कळ येते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ३० रुग्णांना असे पदार्थ कमी केलेला आहार २१ दिवस दिला, तेव्हा त्रास नेहमीच्या आहाराच्या तुलनेत जवळपास निम्मा होता. फ्रुक्टान तेलात उतरत नाही. म्हणजे लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या, तर फोडणीचा स्वाद शाबूत! मात्र हे पथ्य कायमचं नव्हे. काही आठवड्यांनी एकेक पदार्थ परत खाऊन पाहायचा, तोही आहारतज्ज्ञांना विचारून.