पडद्यावरचा रुग्ण आणि परीक्षकाची उत्तरे

डॉक्टरने रुग्णाशी कसे बोलावे हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे. तो शिकवता येत नाही, मग तपासणार कसा, असा समज आपल्याकडील वैद्यकीय शिक्षणात वर्षानुवर्षे नांदला. त्याची सोय कोणाला होती हे उघड आहे. ज्याची बोली प्राध्यापकाच्या बोलीशी जुळते त्याचा ‘स्वभाव’ आपोआप चांगला ठरतो! २०१८ साली भारतीय वैद्यक परिषदेने दृष्टिकोन, नीती आणि संवाद यांचा अभ्यासक्रम तयार केला व २०१९च्या तुकडीपासून तो एम.बी.बी.एस.ला लागू झाला. शिकवायचे ते तपासणेही आले. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. तपासण्याच्या पद्धतींपैकी चित्रफितीची पद्धत आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी असे मला वाटते.

लिव्हरपूल विद्यापीठातील हम्फ्रिस आणि केनी यांनी २००० साली ती मांडली. डॉक्टर-रुग्ण भेटीची छोटी फीत सर्वांना एकदम दाखवायची. विद्यार्थ्याने लिहायचे : डॉक्टरने काय केले, त्याचा परिणाम काय झाला, त्याऐवजी काय करता आले असते. मग प्रसंग कागदावरच का देऊ नये? बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत अशा फिती वापरल्या गेल्या. तेच प्रसंग लेखी दिल्यावर विद्यार्थ्याच्या पुढील संवादविषयक कामगिरीचा अंदाज कमी बरोबर येतो, असे लिव्हन्स आणि सॅकेट यांनी २००६ साली दाखवले. आपल्याला याचे आश्चर्य वाटू नये. ‘काय होतंय?’ हे दोन शब्द कागदावर सर्वांना सारखेच असतात. दवाखान्यात ते कोणाकडे बघून विचारले जातात आणि कोणाकडे न बघता, हे कागद सांगत नाही.

दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. तोंडी परीक्षेत विद्यार्थी समोर उभा असतो, त्याचे आडनाव टेबलावर असते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेबाबत डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ साली जो अहवाल दिला, त्यात परीक्षेच्या वेळी जात विचारली जाते अशा अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. चित्रफितीवरचे लेखी उत्तर सांकेतिक क्रमांकाने तपासता येते. परीक्षकाला चेहरा दिसत नाही, उच्चार ऐकू येत नाहीत.

पण जात केवळ आडनावात बसलेली नसते. आमच्या परीक्षेसाठी मी लिहिलेला एक प्रसंग असा : बीडकडची ऊसतोड कामगार बाई अंगावरून पांढरे जाते म्हणून येते. डॉक्टर मान वर न करता लिहीत राहतो. ‘पिशवी खराब झालीय, काढून टाकू.’ ती विचारते, ‘किती दिस खाडा पडंल?’ डॉक्टर म्हणतो, ‘पुढचा.’ फीत संपते. हा प्रसंग हवेतून आलेला नाही. बीड जिल्ह्यातील गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती.

नमुना उत्तरे मात्र वेगळ्या बैठकीत, परदेशी यादीचे भाषांतर करून ठरली. एका उत्तरपत्रिकेत होते : ‘मी तुमच्या भावना समजू शकतो, असे डॉक्टरांनी म्हणायला हवे होते.’ पूर्ण गुण. (असे वाक्य बीडमध्ये कोणी कोणाला म्हटल्याचे मी अजून ऐकलेले नाही.) दुसऱ्या उत्तरपत्रिकेत होते : ‘बाईने खरा प्रश्न खाड्याचा विचारला. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही. पांढरे जाणे पुष्कळदा गोळ्यांनी बरे होते, हे तिला आधी सांगायला हवे होते.’ यावर शेरा पडला : ‘विषयांतर’. नमुना उत्तरात खाडा नव्हता. विद्यार्थ्याचे आडनाव झाकले होते. परीक्षकाचे अज्ञान मात्र उघडेच राहिले!

या पद्धतीची आणखी एक मर्यादा आहे. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. चित्रफीत फार तर दुसरी पायरी तपासते. वॉर्डात, रात्री तीन वाजता, खाटांपेक्षा रुग्ण अधिक असताना तो डॉक्टर कसा बोलेल, हे तिला कळत नाही. त्यासाठी वॉर्डातच पाहावे लागेल.

तोपर्यंत नमुना उत्तरांच्या बैठकीत ऊसतोडीला गेलेली एखादी बाई आणि एखादी आशा कार्यकर्ती बसावी, असा प्रस्ताव मी विभागाकडे लेखी दिला आहे. त्यांच्या नावापुढे ‘तज्ज्ञ’ लिहायचे की नाही, यावर सध्या चर्चा अडली आहे.