समलिंगी आणि तृतीयपंथी: फरक काय?

जळगाव-धुळ्याकडे हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. समलिंगी असणे हा लैंगिक कल (प्रेम कोणाविषयी वाटते). तृतीयपंथी असणे हा लिंगभावाचा (आपण स्वतःला स्त्री, पुरुष की वेगळे मानतो) प्रश्न. नावगावावरून माणूस कोण हे कळते, त्याला भरीत आवडते की शेवभाजी हे नाही, तसेच हे.

म्हणून न्यायालयातल्या लढायाही वेगळ्या झाल्या. लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध २०१८ मध्ये गुन्ह्यातून वगळले. पहिल्या निकालाचे मोल जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकने पाहिले. अंजली पाटील तृतीयपंथी आहेत म्हणून, महिला राखीव जागेसाठीचा त्यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज फेटाळला गेला. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना स्त्री म्हणून लढू दिले, आणि त्या निवडून आल्या. खानदेशातल्या प्रत्येक शाळेत सांगावी अशी ही घटना आहे.

ओळखी वेगळ्या असल्या तरी संघटन एकत्र होऊ शकते. १९७४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या कृष्णवर्णीय लेस्बियन व इतर स्त्रियांनी ‘कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह’ उभारले. वर्ण, वर्ग, लिंग आणि लैंगिकता यांचा जाच एकाच आयुष्यावर एकदम येतो, ही त्यांची मांडणी होती.