मोठ्या जलाशयावरील मासेमारी व होडीची सावधगिरी

पिशोरच्या पंचक्रोशीतील शेतकऱ्यास पाणी नवीन नाही. अंजना नदी त्याच्या परिचयाची आहे, अंजना-पळशीचा मध्यम प्रकल्प त्याच्याच भागातला आहे, आणि पूर्णेवरील नेवपूरचा तलावही त्याने पाहिलेला असतो. सुगीची घाई सरली म्हणजे गळ घेऊन काठावर बसणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. परंतु हल्ली रस्ते व वाहने सुलभ झाल्यामुळे यांपैकी कित्येक जण सोयऱ्याधायऱ्यांच्या सोबतीने थेट पैठणच्या नाथसागरापर्यंत जातात, आणि तेथील अफाट पाण्यातही आपल्या तलावावरचीच रीत चालवितात. लहान तलावावर जी चूक केवळ रिकाम्या हाताने घरी आणते, तीच चूक मोठ्या जलाशयावर प्राणाशी येते. सबब परक्या मोठ्या पाण्यात मासा कोठे शोधावा आणि तेथून सुखरूप परत कसे यावे, या दोन्ही गोष्टींचा विचार आम्ही येथे एकत्रच करीत आहोत. त्या एकत्र का, हे पुढे कळून येईल.

पाण्याचे मोजमाप

प्रथम नाथसागर किती मोठा आहे हे ध्यानात घ्यावे. जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली, व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. धरणाची लांबी सुमारे १० किलोमीटर आहे. जलाशय पूर्ण भरला म्हणजे त्यात सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावते, आणि ते सुमारे ३५० चौरस किलोमीटर भूमीवर पसरते. साठ्यास फैलावाने भागिले असता सरासरी खोली आठ मीटरांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे सत्तावीस फूट येते. विस्ताराच्या मानाने ही खोली थोडीच होय. गोदावरीच्या जुन्या पात्रात पाणी पुष्कळ खोल, तर त्याच्या दोन्ही अंगांस कोसचे कोस उथळ, असा हा पसरट जलाशय आहे. परिणामी पाण्याची पातळी थोडी उतरली तरी काठ फार दूर सरकतो. भाद्रपदात जेथे होडी चालली, तेथे वैशाखात गाळपेरीचे पीक उभे असते. म्हणून मागील खेपेस पाहिलेली वाट या खेपेस तशीच असेल असे कोणीही धरून चालू नये.

जलाशय म्हणजे बुडालेले शिवार

परक्या पाण्यावर उभा राहिलेला मनुष्य गोंधळतो, कारण त्यास चोहीकडे एकसारखा सपाट पृष्ठभाग दिसतो. परंतु शेतकऱ्याने गोंधळण्याचे कारण नाही. या पाण्याखाली समुद्र नाही, शिवार आहे. शंभराहून अधिक गावांच्या जमिनी या एका धरणाने घेतल्या. गोदावरी आणि प्रवरा यांच्या काठची ती काळी जमीन, तिचे बांध, ओढे, गाडीवाटा, विहिरी, गावठाणातील पडक्या भिंती, तोडून उरलेले बाभळींचे बुंधे, यांतील पुष्कळसे अद्यापि पाण्याखाली आपापल्या जागी आहे. जमीन वाचणाऱ्यास हे पाणीही वाचता येते.

अमेरिकेत बास नावाच्या शिकारी माशासाठी असेच मोठमोठे जलाशय धुंडाळणारे हौशी लोक लाखोंनी आहेत. अनोळखी जलाशयावर जावयाचे झाल्यास त्यांतील जाणते लोक आधी धरणापूर्वीच्या खोऱ्याचा नकाशा पाहतात. जुना ओढा कोठून वळत होता, उतार कोठे एकदम तुटतो, झाडे कोठे बुडाली आहेत, हे ते घरी बसूनच टिपून ठेवितात. आपल्याकडे बास नाही. परंतु त्याच स्वभावाचा मरळ आहे. तोही आडोशास दबा धरून बसतो आणि लहान मासा अथवा बेडूक समोर आला की झडप घालतो. आपल्याकडे नकाशाचेही काम सोपे आहे. गावनकाशा वाचता येणारे आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत, आणि ज्यांची जमीन त्या पाण्यात गेली असे वृद्ध काठच्या गावांत अद्यापि भेटतात. त्यांच्याजवळ घटकाभर बसावे. आपली विहीर कोठे होती आणि ओढा कोठे नदीस मिळत होता, हे ते डोळे मिटून सांगतात.

आता कोणता मासा कोठे सापडतो ते पाहू. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, आणि मृगळ तळाशी गाळात अन्न शोधतो. एकाच पाण्यात तिघांची सोय लागते ती यामुळे. मृगळासाठी गळ तळास टेकला पाहिजे, कटल्यासाठी तो वरच राहिला पाहिजे. वाम चिखलात व दगडांच्या फटीत राहते आणि रात्री बाहेर पडते. मरळ काठच्या गवतात, पाणवनस्पतींत व बुडालेल्या झुडपांत असतो. त्यास श्वासासाठी वारंवार पृष्ठभागी यावे लागते, त्या वेळी पाण्यावर उठणारे वर्तुळ हीच त्याची खूण होय. जुन्या ओढ्याचा काठ, बुडालेला बांध, उथळ पाणी जेथे एकदम खोल होते ती कड, या जागा साऱ्याच माशांना मानवतात. कारण तेथे आडोसाही असतो आणि अन्नही. शिवाय वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाशी पाण्यावरील सूक्ष्म अन्न गोळा होते, आणि त्यामागोमाग मासे येतात.

जेथे मासा तेथेच अपाय

हे दोन्ही विषय एकत्र घेण्याचे कारण आता सांगतो. ज्या जागी मासा सापडतो, बहुधा त्याच जागी होडीस आणि मनुष्यास धोका असतो. बाभळीच्या ज्या बुंध्याशी मरळ दबून असतो, तोच बुंधा होडीच्या तळास भोक पाडितो. वारा ज्या काठावर मासे आणतो, त्याच काठावर तो होडी आपटून फोडितो. बुडालेली विहीर तर काठावरून चालणाऱ्याचाही घात करिते. उन्हाळ्यात पाणी उतरले असता मनुष्य गुडघाभर पाण्यातून निर्धास्त चालत जातो आणि पुढचे पाऊल कठडा नसलेल्या विहिरीत पडते. म्हणून उथळ पाण्यातही हातात लांब काठी घेऊन, पुढची भूमी चाचपूनच पाऊल टाकावे. ओल्या गाळात पाय रुतू लागल्यास धडपड न करता अंग आडवे टाकून मागे सरावे. गळ टाकण्याची जागा निवडताना येथे मासा का असेल, हे जसे विचारावे, तसेच येथे माझा घात कशाने होईल, हेही विचारावे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा एकच निघते.

वारा आणि लाट

लहान तलावाची सवय सर्वांत अधिक फसविते ती वाऱ्याच्या बाबतीत. लाटेची उंची केवळ वाऱ्याच्या जोरावर ठरत नाही. वाऱ्यास मोकळे पाणी किती लांब मिळाले यावरही ती अवलंबून असते. मोकळे पाणी चौपट लांब झाले तर, वारा तोच असूनही, लाट सुमारे दुप्पट होते. ताशी चाळीस-बेचाळीस किलोमीटरांचा वारा एक किलोमीटर लांबीच्या तलावावर वीतभर लाट उठवितो. तोच वारा वीस किलोमीटर मोकळ्या पाण्यावर काही तास टिकला तर लाट कमरेपर्यंत येते. वीतभर लाटेत आपण हसत वल्हे मारतो. कमरेएवढ्या लाटेत लहान होडी टिकत नाही. त्यातही उथळावर आलेली लाट अधिक उभी होते व फुटते, आणि नाथसागर तर बहुतेक उथळच आहे.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे, आणि त्यातील दोष सर्वस्वी आमचा होता. काही वर्षांपूर्वी माघातील एका शांत सकाळी आम्ही मेहुण्यांसह नाथसागरावर गेलो. नावाड्याने दहा वाजता परतावयाचे असे आधीच बजाविले होते. परंतु मासे चांगले लागत होते, म्हणून आम्ही आणखी अर्धा तास, आणखी अर्धा तास असे करीत दुपार केली. मग वारा उठला. घटकेभरात होडीच्या काठावरून पाणी आत येऊ लागले, आणि आम्ही दोघे डब्याने ते उपसू लागलो. आमची दृष्टी ज्या काठावरून निघालो त्याच काठावर खिळली होती. पण तिकडे जाताना लाट आडवी येत होती. नावाड्याने तो काठ सोडून दिला, होडीची नाळ तिरपी लाटेवर धरिली आणि भलत्याच गावाशी आम्हास उतरविले. तेथून गाडीपर्यंत तीन कोस चालावे लागले. पकडलेले मासे भार हलका करण्यासाठी केव्हाच पाण्यात गेले होते. निघालो त्याच काठास परतले पाहिजे, हा हट्ट त्या दिवशी आम्ही कायमचा सोडला.

सर्वांचे दैव असे बलवत्तर नसते. दि. २१ मे २०२४ रोजी भीमेवरील उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एक जण पोहून काठास लागला. ही वाट काठच्या लोकांच्या नित्य वहिवाटीची होती. वैशाख-ज्येष्ठातील वळीव ओळखीचे पाणीही क्षणात परके करून टाकितो, मग मुळात परक्या पाण्याची काय कथा?

होडीत बसणाऱ्याने पाळावयाचे नियम

१. पहाटे निघावे आणि ऊन चढून वारा उठण्यापूर्वी परतावे. उन्हाळ्यात दुपारनंतर पाण्यावर राहूच नये. ढगांचा गडगडाट ऐकू येताच काठ गाठावा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तिनाने भागिले म्हणजे ती किती किलोमीटरांवर आहे ते कळते. परंतु ती दहा किलोमीटरांवर असली तरी थांबू नये.

२. तरंगते जाकीट अंगात घालून त्याचे बंद आवळून बसावे. ते बुडाखाली घेऊन बसणे व्यर्थ होय. आम्हास पोहता येते, असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु आपण पोहणे शिकलो ते विहिरीत, जेथे चार हातांवर कड असते. आणि तेथेही पहिले काही दिवस पाठीस सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधलेला होता. जेथे कड दोन कोसांवर आहे तेथे भोपळा सोडून जाणे शहाणपणाचे नाही.

३. होडीत माणसे बसल्यावर तिचा काठ पाण्याच्या वर दीड वीत तरी राहिला पाहिजे. तो तितका न राहील तर एकाने उतरावे, मग तो घरचा वडीलधारा असो की पाहुणा. भार मध्यभागी व तळाशी ठेवावा. मासा लागला म्हणून कोणी उभे राहू नये, आणि सर्वांनी एकाच बाजूस झुकू नये.

४. लाट आल्यास होडी तिला आडवी देऊ नये. नाळ लाटेच्या रोखाने, किंचित तिरपी धरावी. नांगर टाकावयाचा तो नाळेकडून. मागच्या बाजूने टाकिल्यास लाट मागून आत शिरते. दोर अडकल्यास तो तोडण्यास सुरी हाताशी असावी.

५. यंत्राची होडी असल्यास इंधनाचे तीन भाग कल्पावे : एक जाण्यास, एक येण्यास, आणि एक संकटास. वल्हे तरीही बरोबर असावे. पाण्यावर एका ओळीत तरंगणाऱ्या खुणा दिसल्या तर तेथे जाळे लावलेले आहे असे समजून दुरून जावे. जाळे पंख्यात गुंतले म्हणजे होडी अडते व कोळ्याचे नुकसान होते ते वेगळेच.

६. धरणाची भिंत, तिचे २७ दरवाजे आणि कालव्यांची तोंडे यांपासून फार दूर राहावे. वरून पाणी निश्चल दिसले तरी दरवाजांशी ओढ असते.

७. होडी उलटलीच तर तिला सोडू नये. लाकडी होडी उलटूनही सहसा तरंगत राहते. पाण्यावरून काठ असतो त्याहून जवळ दिसतो, आणि त्या भुलीने पोहत निघालेला वाटेत थकतो.

८. कोठे जातो व किती वाजता परतणार हे काठावर एकास सांगून जावे, आणि त्या वेळी न आल्यास त्याने कोणास कळवावे तेही ठरवून द्यावे. मद्य घेतलेल्या मनुष्यास, मग तो नावाडी का असेना, होडीत घेऊ नये.

दुसऱ्याचे पाणी

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. जलाशय कोणाचाच नाही असे समजून तेथे शिरणे हे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरण्यासारखेच आहे. जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. मत्स्यबीज सोडलेले असते, आणि काठची कुटुंबे त्यावर जगतात. शिवाय १९८६ पासून नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे, तेथे वनखात्याचे नियम लागू होतात. म्हणून आधी विचारावे, परवानगी मिळाली तरच गळ टाकावा. तुटलेली दोरी झाडावर अथवा काठावर टाकून येऊ नये. ती पक्ष्यांच्या पायांत अडकते. पावसाळ्याच्या आरंभी कटला, रोहू, मृगळ हे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या तोंडाकडे चढतात, त्या दिवसांत त्यांस धरणे म्हणजे बियाणे दळून खाणे होय. मरळ आपल्या पिलांची राखण करितो. तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसला तर खाली राखणदार आहे असे समजून गळ दुसरीकडे न्यावा. राखणदार गेला की सारा थवा इतरांच्या तोंडी जातो.

शेतीत आपण नवीन जमीन घेतली म्हणजे पहिल्या वर्षी तिच्यात सारे बियाणे टाकीत नाही. शेजाऱ्यास विचारितो, एक पावसाळा पाहतो, पाणी कोठे तुंबते ते टिपून ठेवितो. परक्या पाण्याशीही तसेच वागावे. पहिल्या खेपेस काठावरूनच गळ टाकावा, दुसऱ्या खेपेस जाणत्या नावाड्याबरोबर जवळपासच जावे, आणि परत फिरा असे त्याने म्हटले की हातातील दोरी त्याच क्षणी गुंडाळावी.