निरर्थक शब्दांचा अर्थ

डिलाईल रोड या नांवांतील ‘डिलाईल’ या शब्दाला मराठींत कांहींच अर्थ नाहीं. त्या रस्त्याला पुढें कामगारपुढारी ना. म. जोशी यांचें नांव देण्यांत आलें, तरी गिरणगांवच्या तोंडचा जुना शब्द गेला नाहीं. कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांतील मुलांनीं आपल्या चाळीचा पत्ता म्हणून तो उच्चारला, आणि उच्चारतां उच्चारतां त्यांत ‘घर’ हा अर्थ येऊन बसला. मुलांच्या निरर्थक काव्याचें मर्म हेंच आहे कीं, तेथें शब्द आधीं येतो आणि अर्थ मागाहून.

असे शब्द घडतात कसे? पहिली रीत नादाची. पाहुण्यास ‘चहाबिहा’ विचारणारा गृहस्थ ‘बिहा’ म्हणजे काय हें सांगूं शकणार नाहीं. परंतु ‘चहा आणि त्यासोबत जें कांहीं असेल तें’ एवढा अर्थ तो शब्द निमूटपणें वाहून नेतो. दुसरी रीत सांधण्याची. बंगाली कवि सुकुमार राय यांच्या १९२३ सालच्या ‘आबोल ताबोल’ या संग्रहांत ‘हाँस’ म्हणजे बदक आणि ‘सजारु’ म्हणजे साळिंदर यांचा सांधा जुळून ‘हाँसजारु’ नांवाचा प्राणी जन्मास आला. तिसरी रीत कानाची. ‘आय स्पाय’ हा इंग्रजी खेळ मराठी मुलांच्या कानीं पडून ‘ऐसपैस’ झाला, असें सामान्यतः मानलें जातें. डिलाईल रोडवरील बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची; तिच्याबाहेर पटांगणांत मुलें ‘डबा ऐसपैस’ खेळत, तेव्हां त्या शब्दाचा ‘प्रशस्त’ हा मूळचा मराठी अर्थही खरा होत असे.

आतां जीवनाच्या धड्यांविषयीं. कित्येक सुशिक्षित पालकांस वाटतें कीं, जिच्या शेवटीं तात्पर्य नाहीं ती कविता मुलांचा वेळ फुकट घालविते. वस्तुस्थिति निराळी आहे. खेळापूर्वीं मुलें अर्थशून्य शब्द म्हणत एकेका आघाताला एकेका गड्यावर बोट ठेवितात. अखेरचा आघात ज्याच्यावर पडेल तो सुटतो, आणि शेवटीं उरेल त्याच्यावर ‘राज्य’ येतें. तेथें वशिला चालत नाहीं. हिशेब मात्र चालतो. आघात १६ आणि गडी ५ असल्यास बोट फिरून पहिल्यावरच येतें. हें हेरणारा चतुर मुलगा आरंभ कोठून करावयाचा तें मनांत ठरवितो, आणि म्हणूनच इतर गडी त्याच्यावर नजर ठेवितात. त्याच खेळांत धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून सामील करून घेतात. तें धांवतें, लपतें, पण त्याच्यावर राज्य येत नाहीं. न्याय, सावधपणा आणि दया हीं तिन्ही तेथें उपदेशाच्या एकाही शब्दावांचून शिकलीं जातात.

विंदा करंदीकर यांनीं १९६३ सालीं ‘एटू लोकांचा देश’ लिहिला, तेव्हां ‘एटू’ म्हणजे काय हें कोणा मुलाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. ते लोक कसे असतील, असें मूल स्वतःस विचारूं लागलें, कीं आपले लोक असे कां वागतात, हा प्रश्नही फार दूर राहत नाहीं.

म्हणून मुलानें एखाद्या विचित्र शब्दाचा अर्थ विचारला, तर वडीलधाऱ्यांनीं तो सांगण्याची घाई करूं नये. ‘तुला काय वाटतें?’ असें त्यालाच विचारावें. त्याचें उत्तर चूक ठरण्याचें भय नाहीं, आणि असें निर्भयपणें उत्तर देण्याची संधि त्याला पाठ्यपुस्तकांत क्वचितच मिळते.