स्वर, चिन्ह आणि चित्त

शील, समाधी आणि प्रज्ञा यांचे धम्मातील स्थान आपण सर्वजण जाणतो. परंतु स्वर आणि चिन्ह यांचे स्थान कोणते, असा प्रश्न आपले विद्यार्थी वारंवार विचारतात. आपण विहारात वंदना म्हणतो, धम्मचक्रापुढे हात जोडतो. मग मंत्राने कार्यसिद्धी होते असे सांगणाऱ्या बुवाबाजीत आणि यात फरक तो काय? 14 ऑक्टोबर 1956 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या समाजाला हा प्रश्न टाळता येणार नाही.

प्रथम चिन्हाचा विचार करू. सांची येथील जुन्या तोरणांवर तथागत मानवी रूपात दाखवलेले नाहीत. तेथे बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे, पदचिन्हे आहेत, रिकामे आसन आहे. आपल्या भाजे लेण्यातील चैत्यगृहातही मूर्ती नसून स्तूप आहे. रिकामे आसन काही देत नाही की नवसाला पावत नाही. त्या आसनावर बसून जे शिकवले गेले, त्याची ते आठवण करून देते. चिन्हाचे काम एवढेच.

आता स्वराचा विचार. अंगुत्तर निकायात गाण्यासारखे लांबट सूर काढून धम्म म्हणण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच सुरात गुंततो. ऐकणारेही सुरातच गुंततात. हे श्रमण आमच्यासारखेच गातात, अशी नावे गृहस्थ ठेवतात. सूर घोटण्याच्या नादात समाधी भंग पावते. आणि पुढची पिढी त्याचेच अनुकरण करते. दुसऱ्या बाजूला, अवंती देशातून आलेल्या सोण कुटिकण्ण या तरुण भिक्खूने पहाटे अट्ठकवग्ग स्वरात म्हणून दाखवला, तेव्हा तथागतांनी त्याच्या स्पष्ट आणि अर्थ उलगडणाऱ्या वाणीची प्रशंसा केली. याचा अर्थ असा की, स्वराला विरोध नव्हता, स्वराच्या आसक्तीला होता.

हीच कसोटी हाती घेऊन आपण जपानकडे पाहू. तेथे स्वर आणि चिन्ह यांची स्वतंत्र साधना विकसित झाली आणि तिचा एक धागा भारतातून गेलेला आहे. कूकाई (774-835) हा जपानी भिक्खू 804 साली चीनला गेला, तेथे संस्कृत शिकला आणि 806 साली परतला. त्याच्या शिंगोन पंथात साधक कमळावरील चंद्रबिंबात लिहिलेल्या ‘अ’ या एका अक्षरापुढे बसतो. हा ‘अ’ सिद्धम् लिपीतला आहे आणि ही लिपी आपल्या ब्राह्मीच्या कुळातील आहे. झेन पंथात शाईच्या कुंचल्याने एका फटकाऱ्यात वर्तुळ काढतात, त्याला ‘एन्सो’ म्हणतात. ते पुसून दुरुस्त करावयाचे नसते. कित्येकदा ते अपुरेही सोडतात. फुके पंथाचे भिक्खू डोक्यावर टोपलीसारखी टोपी घालून ‘शाकुहाची’ ही पाच छिद्रांची बांबूची बासरी वाजवीत. लोकांची करमणूक हा त्यांचा हेतू नव्हता. श्वासावर चित्त ठेवणे हीच त्यांची साधना होती. 1871 साली जपान सरकारने हा पंथ बंद केला, परंतु बासरीची परंपरा टिकून राहिली.

जपानी पंथांचे सर्व विचार आपण स्वीकारावेत असे मुळीच नाही. परंतु यातील एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना घरी करून पाहता येईल. पंचशील म्हणून झाल्यावर थोडा वेळ शांत बसावे. श्वास सोडताना जो स्वर सहज उमटेल तो उमटू द्यावा. तो गोड व्हावा असा प्रयत्न करू नये. श्वास संपला की स्वर संपेल. तो विरेपर्यंत ऐकावा. मग कोऱ्या कागदावर एका श्वासात एक वर्तुळ काढावे. खोडरबर जवळ ठेवू नये. रेषा घाईने ओढली गेली, की मध्येच अडखळली, की दाखविण्यासाठी सजवली गेली, हे आपले आपल्यालाच कळते. चित्त त्या क्षणी कोठे होते याचा तो पुरावा असतो. याने परीक्षेत गुण वाढत नाहीत, आजार बरा होत नाही, इच्छा पूर्ण होत नाहीत. जो कोणी तसे सांगेल, त्याच्यापासून दूर राहावे.

आम्हां बँकेतल्या मंडळींना एक गोष्ट रोज दिसते. खात्यात शिल्लक नसेल तर कितीही सुबक सही केलेला चेक वटत नाही. वंदनेचा स्वर आणि दारावरचे धम्मचक्र ही आपली सही आहे. शिल्लक मात्र शीलाचीच लागते. म्हणून आपल्या मुलांना वंदना पाठ करून देताना तिच्या प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थही शिकवावा आणि तो अर्थ घरातल्या व्यवहारात त्यांना दिसू द्यावा, अशी सर्व उपासक-उपासिकांना नम्र विनंती आहे.